नाशिकच्या साध्या दिवसांचीही नोंद व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की वृत्तपत्रांतून गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे छायाचित्र येते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, एवढे सांगितले तरी कोणत्याही नाशिककराला पुराचा अंदाज येतो. त्यासाठी क्युसेकचा आकडा वाचावा लागत नाही. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांतील मारुती आपण सर्वांनी पाहिलेला आहे आणि जिवाची जोखीम पत्करून ती छायाचित्रे काढणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु याच मारुतीच्या पायाशी एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी कोण बसलेले असते, फुलांची टोपली कुठे टेकवलेली असते, ओली धोतरे कोणत्या कठड्यावर वाळत असतात, हे दाखवणारे आणि मागे तारीख लिहिलेले एखादे जुने छायाचित्र मी बरेच दिवस शोधत होतो, ते मला मिळाले नाही. शहराचे मोठे दिवस नोंदले जातात आणि साधे दिवस कोणी न टिपताच निघून जातात, ही गोष्ट आपल्या व वाचकांच्या नजरेस आणावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण जुन्या नाशकात, तांबट लेनच्या परिसरातील एका वाड्यात गेले आणि नोकरीची सर्व वर्षे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, गेली. वाड्याची मागची भिंत काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात खचली, त्यानंतर तो रिकामा करण्यात आला आणि पुढे उतरवण्यात आला. त्या वेळी वाड्याचा एक तरी फोटो जवळ असावा म्हणून आम्ही भावंडांनी घरातले सगळे अल्बम काढून पाहिले. मुंजी, बारशी, लग्ने, साठीशांत असे सारे समारंभ त्यांत होते. सतरंज्या अंथरलेल्या होत्या, माणसे ओळीने उभी होती. मात्र ज्या ओटीवर आम्ही रोज अभ्यास केला ती ओटी, चौकातले तुळशीवृंदावन, माजघरातला झोपाळा, दिंडी दरवाजातून दिसणारी समोरची गल्ली, यांतले काहीही कोणी मुद्दाम टिपलेले नव्हते. थोरल्या भावाच्या मुंजीच्या एका फोटोत पाहुण्यांच्या मागे अर्धा खांब आणि तांब्याच्या घंगाळाची कड तेवढी आलेली आहे. आमच्या वाड्याचा आज शिल्लक असलेला पुरावा एवढाच. ती कड पाहून धाकट्या बहिणीला घंगाळ कोणत्या खांबाजवळ असे ते आठवले, त्यावरून न्हाणीघर आठवले, न्हाणीघरावरून परसातला आड, आणि त्या संध्याकाळी आम्ही चौघे पुष्कळ वेळ बोलत बसलो. फोटो काढणाऱ्याला ते घंगाळ चौकटीत नकोच असणार. आमच्या दृष्टीने आता त्या फोटोत सर्वांत मोलाचे तेच आहे.

म्हणून २०२१ च्या दिवाळी पाडव्यापासून मी रोज एक, आणि एकच, असा शहराचा फोटो काढत आलो आहे. आजारपणाचे व परगावी गेलेले दिवस वगळता त्यात खंड पडलेला नाही. फोटो महापालिकेच्या हद्दीतला असावा, सणसमारंभाचा शक्यतो नसावा, आणि त्याच दिवशी रात्री झोपण्यापूर्वी वहीत तारीख, वेळ, जागा व कॅमेरा यांची नोंद व्हावी, एवढे नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. कॅमेरा मात्र मी आलटून पालटून वापरतो. त्यामागे हौस आहे हे खरे, पण हौसेपुरतेच ते कारण नाही. प्रत्येक कॅमेरा शहराचा एक भाग दाखवतो आणि दुसरा गाळतो, आणि एकाच कॅमेऱ्यावर विसंबलेल्या नोंदीत तोच भाग वर्षानुवर्षे गळत राहतो, हे मला या काळात अनुभवाने समजले.

आज प्रत्येकाच्या हाती फोन आहे, शहराचे असंख्य फोटो रोज निघत आहेत, मग हा वेगळा उद्योग कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की निघालेला फोटो आणि राहिलेला फोटो यांत फार अंतर आहे. फोन बिघडला किंवा बदलला, की त्यातले फोटो बहुधा जातातच. व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की त्याचा आकार कमी होतो आणि फाइलीत दडलेली तारीख, वेळ व ठिकाण यांची माहिती गळून जाते. दहा हातांतून फिरलेला गोदाघाटाचा फोटो २०१६ चा आहे की २०१९ चा, हे मग सांगता येत नाही. गोदावरीला पाणी आले, की मागच्या पुराचे फोटो ताजे म्हणून फिरू लागतात, त्याचे मूळ इथेच आहे. शिवाय फोनने आपण टिपतो काय, तर बहुतांशी स्वतःला, घरच्या कार्याला, समोर आलेल्या मिसळीच्या ताटाला किंवा रस्त्यात घडलेल्या अपघाताला. रविवार कारंजावर रोज सकाळी दुकानांच्या फळ्या व शटर उघडण्याच्या वेळी जी गडबड असते, तिच्याकडे फोन वळत नाही, कारण ती उद्याही असणार आहे असे आपण धरून चालतो.

फोनबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती नोंदीच्या खरेपणाशी निगडित आहे. आजच्या फोनचा कॅमेरा आपण एकदा बटण दाबले तरी अनेक चित्रे भराभर घेतो, ती एकावर एक जुळवतो, सावल्या उजळतो आणि आकाश सावरतो. चित्र सुरेख होते, यात शंका नाही. एका हिवाळ्यात मी लागोपाठच्या दोन रात्री, साधारण साडेनऊच्या सुमारास, गाडगे महाराज पुलाजवळ एकाच पायरीवर उभे राहून फोटो काढले. पहिल्या रात्री फोनने आणि दुसऱ्या रात्री फिल्मवर. फोनच्या फोटोत पायऱ्या, कठडा, साखळीने बांधून ठेवलेल्या हातगाड्या, सारे असे स्वच्छ दिसते, की तिथे दिव्यांची चांगली सोय आहे असे कोणालाही वाटावे. फिल्मवर दूरच्या एका दिव्याचा ठिपका, पाण्यात त्याची थरथरती रेघ आणि बाकी काळोख आला. प्रत्यक्षात तिथे काळोखच होता, आणि रात्री त्या वाटेने घरी जाणाऱ्या बायकांना तो पायाखाली जाणवतो. उद्या कोणी त्या जागी उजेड होता की नव्हता असे विचारले, तर फोनचा फोटो चुकीची साक्ष देईल. फोन वापरूच नये, असे मी म्हणणार नाही. माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी फोनच्याच आहेत. परंतु केवळ फोनवर भिस्त ठेवली, तर नाशिकच्या रात्री आपल्या संग्रहातून नाहीशा होतील.

माझ्याकडे वडिलांचा अग्फा क्लिक थ्री आहे. भारतात तयार झालेला हा साधा डबा कॅमेरा १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देतो. मागच्या लाल खिडकीत आकडा पाहून रोल हाताने पुढे सरकवायचा, शटरचा वेग एकच, आणि फार जवळ गेले की चित्र धूसर येते. त्यामुळे हा कॅमेरा हाती असला, की माणसापासून चार पावले मागे राहावेच लागते, आणि माणसाबरोबर त्याचे दुकान, दुकानावरची पाटी, शेजारचा विजेचा खांब व वरच्या मजल्यावरची लाकडी गॅलरी असे सगळे चौकटीत येऊन बसते. भांडी बाजाराचे आणि सराफ बाजाराचे माझ्याकडील सर्वांत उपयोगी फोटो याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. एकदा रोल सरकवायला मी विसरलो आणि बोहारपट्टीच्या गर्दीवर दुसऱ्या दिवशीचा होळकर पूल उमटला. ते दोन दिवस माझ्या संग्रहात वेगळे काढता येत नाहीत, म्हणून वहीत तशीच नोंद केली आहे.

दोन भिंगांचा यशिका मॅट मी जुन्या बाजारातून घेतला. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहावे लागते आणि त्या काचेत डावीकडचे उजवीकडे दिसते, त्यामुळे सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, डावीकडून येणारी बस काचेत उजवीकडून येते आणि सुरुवातीला हात हमखास चुकतो. त्याचा एक गुण मात्र दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. फोटो काढणारा मान खाली घालून उभा असतो, आपल्यावर काही रोखले गेले आहे असे समोरच्याला वाटत नाही. फोन वर केला की बुधवारच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशी पदर सावरतात किंवा हसून नको म्हणतात, या कॅमेऱ्यापुढे त्या आपणहून विचारतात, “काय बघता हो त्यात?” मग त्यांनाही काचेत पाहायला देतो, दोन शब्द बोलणे होते, आणि त्यांच्या संमतीने काढलेला फोटो पुढच्या बुधवारपर्यंत रोल धुऊन झाला तर प्रिंट नेऊन देतो.

मी सर्वांत अधिक जीव लावला तो पेंटॅक्स के-१००० या कॅमेऱ्याला. १९७६ पासून १९९७ पर्यंत तयार होत राहिलेला हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक असून त्यातला सेल केवळ प्रकाश मोजण्याच्या सुईसाठी लागतो. ही सुई समोरच्या कोणत्याही दृश्याला मध्यम करडे धरून चालते. काळाराम मंदिराच्या पूर्वेकडच्या रस्त्यावरून मी पहिल्यांदा सुईवर विश्वास ठेवून फोटो काढला, तेव्हा तो काळा दगड राखेसारखा फिकट आला आणि पांढरे सदरे घालून बाहेर उभी असलेली माणसे कागदासारखी कोरी आली. काळ्या दगडाच्या घाटावर आणि देवळांपाशी फोटो काढताना सुई सांगते त्यापेक्षा प्रकाश कमी द्यावा लागतो, हे कोणत्याही जुन्या नाशिककर फोटोग्राफरला माहीत होते. मला ते तीन रोल वाया घालवून शिकावे लागले. आमच्या शहराचा रंगच मुळात गडद आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये छत्तीस फोटो असतात. रोज एकच काढायचा, म्हणजे एक रोल संपायला छत्तीस दिवस लागतात. आज काढलेला फोटो कसा आला हे सव्वा महिन्यानंतर कळणार, या गोष्टीची सवय व्हायला मला फार वेळ लागला. पहिल्या वर्षी एकदा रोल नीट अडकला नव्हता आणि छत्तीस दिवस मी सरकतच नसलेल्या फिल्मवर शहर टिपत होतो. डब्यातून निघाली ती संपूर्ण कोरी पट्टी. त्या छत्तीस दिवसांच्या नोंदी माझ्या वहीत आहेत, फोटो नाहीत. आता रोल पुढे नेताना दुसऱ्या बाजूची खुंटी फिरते की नाही ते मी प्रत्येक वेळी पाहतो.

अशा वेळी मला दादासाहेब फाळके यांची आठवण होते. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, पुढे चित्रपटाचा व्यवसाय नाशिकला आणणारे आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच देह ठेवणारे फाळके आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’साठी ठाऊक आहेत. परंतु त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, लंडनहून नवा कॅमेरा आणल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून रोज एक चित्र, असे महिन्याहून अधिक काळ घेतले. ती सगळी चित्रे सलग दाखवल्यावर पडद्यावर वाटाण्याचा वेल भराभर वाढताना दिसला, आणि हा ‘अंकुराची वाढ’ नावाचा लघुपट पाहून त्यांच्या मोठ्या चित्रपटासाठी पैसा पुरवणारा माणूस पुढे आला. ज्या माणसाचे स्मारक आपण पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभारले, त्याने आपल्या कामाचा आरंभ रोज एक चित्र घेण्याच्या चिकाटीने केला होता, ही गोष्ट नाशिकच्या शाळांतून मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे. कोणत्याही एका दिवशी त्या कुंडीकडे पाहणाऱ्याला काही घडते आहे असे वाटले नसेल. गंगापूर रोडवरची जुनी झाडे कधी कमी झाली, कॉलेज रोडवरचे बंगले कधी गेले आणि मजले कधी चढले, हे आपल्यापैकी कोणालाही नेमके सांगता येत नाही, त्याचे कारणही तेच आहे.

शेवटचा कॅमेरा मी घरीच बनवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला आतून काळा रंग दिला, एका बाजूला सुईने बारीक भोक पाडले आणि समोर फोटोचा कागद बसवला. यात भिंग नाही. उन्हात मिनिट-दीड मिनिट आणि सावलीत आठ-दहा मिनिटे भोक उघडे ठेवावे लागते. मेनरोडच्या एका दुकानाच्या पायरीवर हा डबा ठेवून मी भर दुपारी फोटो काढला. माणसांची एवढी वर्दळ असताना कागदावर रस्ता जवळजवळ रिकामा आला, कारण जे चालत होते त्यांपैकी कोणीही उमटले नाही. उमटली ती उभी केलेली सायकल, कुलपे-किल्ल्या दुरुस्त करणारे बसलेले गृहस्थ, गजरे विकणारी एक बाई, आणि बंद दुकानाच्या दारात पाय दुमडून बसलेला राखणदार. पॅरिसमध्ये १८३८ साली छायाचित्रणाचे एक जनक डागेर यांनी खिडकीतून घेतलेल्या रस्त्याच्या चित्रातही असेच झाले होते. सगळी रहदारी नाहीशी झाली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस व त्याचा पॉलिशवाला तेवढे राहिले. मी कितीतरी वर्षे मेनरोडने गेलो, पण ते कुलूपवाले गृहस्थ रोज तिथे बसतात हे मला डब्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं बसतोय इथे. बाकीचे कुठे गेले हो?”

निगेटिव्ह मी घरीच धुतो. कृष्णधवल रोल धुण्याच्या औषधाला वीस अंश तापमान लागते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच तीस अंशांच्या आसपास असते, म्हणून भांड्याभोवती बर्फ ठेवावा लागतो. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरू नये म्हणून कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. रंगीत रोल व तो धुण्याचा खर्च मिळून आज हजार रुपयांच्या पुढे जातो, याची मला जाणीव आहे. सर्वांनी फिल्मवर फोटो काढावेत असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याच्याकडे जो कॅमेरा असेल, कपाटात पडून राहिलेला जुना छोटा डिजिटल कॅमेराही, त्याने तो अधूनमधून बाहेर काढावा, एवढेच मी सुचवीन.

फोटो काढू नये अशाही जागा व वेळा असतात आणि त्याविषयी नाशिकमध्ये अधिक काळजी घेतली पाहिजे असे माझे मत आहे. रामकुंडावर रोज कोणाची ना कोणाची दशक्रिया किंवा अस्थिविसर्जन चालू असते. कालपर्यंत ज्याला वडील होते तो मुलगा मुंडन करून पाण्यात उभा असताना त्याच्यावर कॅमेरा रोखणे मला अयोग्य वाटते, आणि स्नान करणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. मीही सुरुवातीला एकदा चुकलो होतो. दूरवरून फोटो काढला, त्या माणसाने वळून पाहिले, काही बोलला नाही. तो फोटो मी कोणाला दाखवलेला नाही आणि दाखवणार नाही. तेव्हापासून रामकुंडाच्या त्या बाजूला कॅमेरा पिशवीत असतो.

याउलट ज्यांना आपली नोंद व्हावी असे मनापासून वाटते, त्यांच्याकडे आपण जात नाही. जुन्या नाशकात मठारकाम, म्हणजे धातूची भांडी हातोडीने ठोकून घडवण्याचे काम, करणाऱ्या एका वयस्क कारागिरांना मी फोटोसाठी विचारले, तर ते म्हणाले, “काका, माझा कशाला काढता? हातोड्यांचा काढा, आणि कोणता कशासाठी ते खाली लिहून घ्या.” त्या दिवशी फोटो एकच निघाला, पण वहीतली नोंद दीड पान भरली. नंतर माझ्या असे लक्षात आले, की आपल्या जुन्या फोटोंची अडचण हीच आहे. चित्र असते, खाली लिहिलेले काही नसते.

सगळे जण फोटो काढायला गोदाघाटावर जातात, ही दुसरी अडचण आहे. सिडकोतल्या मूळच्या लहान घरांवर एकेक मजला कसा चढत गेला, सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा त्र्यंबक रोडवर काय दिसते, दिंडोरी रोडच्या बाजार समितीत भाज्यांच्या जुड्यांचे ढीग कसे लागतात, याचे फोटो घाटाच्या मानाने किती थोडे आहेत हे पाहावे. माझ्या वहीतही पहिल्या दोन वर्षांत या भागांच्या नोंदी विरळ होत्या आणि आता मी त्या जाणूनबुजून वाढवत आहे.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण म्हणजे येणारा सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजीच्या ध्वजारोहणाने त्याला प्रारंभ व्हायचा असून त्यासाठी रस्ते, पूल व घाट यांची कामे हाती घेतलेली आहेत. शहर बदलणार आहे आणि काही बाबतींत ते बदललेही पाहिजे. माझा विकासाला विरोध नाही. परंतु बदलण्यापूर्वी ते कसे होते हे कोणीतरी तारखेनिशी नोंदवून ठेवले पाहिजे. साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्यावरून शहराने जो वाद पाहिला, त्यात झाडे किती जुनी आणि किती दाट याबद्दल परस्परविरोधी बोलणे झाले. त्या जागेचे दर ऋतूतले, तारीख लिहिलेले फोटो कोणाजवळ असते, तर कोणाचेही म्हणणे तपासून पाहता आले असते. रामकुंड परिसरातील काँक्रीट काढून जुनी कुंडे मोकळी करण्याची मागणीही अनेक वर्षे होत आहे, आणि तिथेही शेवटी आधार जुन्या नकाशांचा व जुन्या छायाचित्रांचाच घ्यावा लागतो.

पॅरिसमध्ये युजेन आत्जे नावाच्या गृहस्थाने सुमारे तीस वर्षे अवजड लाकडी कॅमेरा घेऊन जुन्या गल्ल्या, दुकानांच्या खिडक्या, जिने आणि फेरीवाले टिपले. १९२० मध्ये त्याच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह तिथल्या सरकारी वारसा खात्याने विकत घेतल्या, म्हणून त्या आज पाहायला मिळतात. आपल्या शहरात १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, पुस्तकांबरोबर जुन्या पोथ्या व वस्तू सांभाळण्याची परंपरा तिथे आहे. महापालिका व वाचनालय यांनी मिळून नाशिकच्या छायाचित्रांसाठी एखादे दालन किंवा निदान एक कपाट आणि एक संगणक राखून ठेवावा, नागरिकांकडून जुने-नवे फोटो मागवावेत, आणि तारीख, जागा, काढणाऱ्याचे नाव व कॅमेरा एवढी माहिती असल्याशिवाय ते दाखल करून घेऊ नयेत, अशी माझी सूचना आहे. तारीख नेमकी आठवत नसेल तर अंदाजे वर्ष लिहावे, पण अंदाजे आहे असे स्पष्ट लिहावे. फोटोत माणसे ओळखू येत असतील, तर त्यांची संमती घेतली होती का, हेही नोंदवावे.

आपल्याकडे माझी विनंती याहून लहान आहे. आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, दोन स्तंभांची जागा नाशिकच्या साध्या दिवसाच्या एका फोटोसाठी द्यावी. त्याला बातमीमूल्य असण्याची अट नसावी. किंबहुना ज्यात काही विशेष घडलेले नाही असाच फोटो निवडावा आणि खाली वार, तारीख, वेळ व जागा छापावी. आपल्या छायाचित्रकारांजवळ बातमीच्या वाटेवर सहज काढलेले आणि कधीच न छापलेले असे पुष्कळ फोटो असतील. त्यांपासूनच आरंभ करता येईल. आपले अंक वाचनालयात बांधून ठेवले जातात, म्हणजे तिथे छापलेला फोटो आपोआप जपला जाईल, हा माझ्या मनातला हिशेबही मी आपल्यापासून लपवत नाही.

माझ्याकडे आजवर पाच वह्या भरल्या असून निगेटिव्हची पाकिटे महिन्यावार लावलेली आहेत. त्यांत मधले कोरे छत्तीस दिवस आहेत, एकमेकांत मिसळलेले दोन दिवस आहेत आणि आजारपणातला एक संपूर्ण भाद्रपद नाही. वाचनालयाने अथवा आपल्या कार्यालयाने मागणी केल्यास या सर्वांच्या संगणकीय प्रती मी स्वखर्चाने करून देईन, आणि मुलींशी बोलून ठरवल्याप्रमाणे, सुरक्षित जागा मिळाल्यास मूळ निगेटिव्ह व वह्याही देऊन टाकीन. दाखवू नये असे ठरवलेला तो एक फोटो मात्र त्यात नसेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रेस कर्मचारी
पंचवटी, नाशिक